आलेख कुठं जायलाय ते बघा!

मी एक जुना आलेखफळा आहे, आणि मी बाद झालेलो नाही. हे आधीच सांगून ठेवतो, मित्रांनो, म्हणजे उगीच माझी कीव करत बसू नका.

सेलूच्या सटवाजी सुतारानं मला घडवलं. काळ्या रंगाचे तीन हात दिले आणि सुतळी ताणून पांढऱ्या रेघांचे असे चौकोन आखले की दुसऱ्या वर्गांतली पोरं मला बघायला आली. पहिल्याच वर्षी मात्र कुण्या दीडशहाण्यानं नकाशा टांगायला माझ्या अंगात खिळा ठोकला. खिळा निघाला, भोक राहिलं. तेही नेमकं कुठं? आडव्या अक्षावर दोन, उभ्या अक्षावर चार, त्या जागी! पोरं फिदीफिदी हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग गणिताच्या सुकेशनी मॅडम आल्या. त्यांनी खडू घेतला आणि एक तिरपी रेघ थेट त्या भोकावरून पार नेली.

"एक्स दोन असताना किंमत किती?"

पोरं भोकाकडं बघायला लागली.

"न्हाईच! भोक हाय तिथं. पण तिथं काय हाय ते इचारू नका. आलेख कुठं जायलाय ते बघा!"

त्यांनी एक बोट रेघेवरून डावीकडून सरकवलं, दुसरं उजवीकडून. दोन्ही बोटं चारच्या उंचीला एकमेकांना भेटायला निघाली. "हेच लिमिट. बोटं वेगवेगळ्या उंचीला गेली तर लिमिट न्हाई, गुमान तसं लिहायचं." त्या दिवसापासून किती पोरापोरींनी माझ्यावर बोटं सरकवली, मोजदाद नाही. माझं भोक हीच माझी इज्जत झाली.

यंदा वर्गात मोठा स्क्रीन आला. येऊ द्या की, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण प्राचार्य बन्सीधर सरांनी मला मागच्या भिंतीला टेकवलं आणि सटवाजीलाच निरोप धाडला, "भोकाचा फळा कशाला ठेवायचा? शनिवारी ये, चिरून चपलांचा रॅक करून टाक." ज्यानं घडवलं त्याच्याच हाती करवत! नुसता संताप झाला माझा.

शनिवारी मॅडम रजेवर होत्या, म्हणून लिमिटचा तास सरांनीच घेतला. सटवाजी करवत घेऊन दारात थांबला होता. एक्सचा वर्ग वजा चार, भागिले एक्स वजा दोन, हे सरांनी स्क्रीनवर टाकलं. स्क्रीननं झटक्यात सलग रेघ काढली.

"बघा, एक्स दोन असताना किंमत चार," सर म्हणाले.

येलदरीची निकिता उभी राहिली. "न्हाई सर. दोन टाकलं की शून्य भागिले शून्य व्हायलंय. किंमतच न्हाई तिथं."

"किंमतच नाही, तर लिमिट कुठून येईल? खाली बैस."

ती बसली नाही. तरातरा माझ्याकडं आली, रेघ भोकापर्यंत आणली, पलीकडून पुढं नेली आणि दोन्ही बोटं माझ्यावर टेकवली.

"स्क्रीननं भोक दाखवलंच न्हाई, सर. ह्यो दाखवतो. डावीकडून आलेख चारकडं जायलाय. उजवीकडून बी चारकडंच जायलाय. किंमत न्हाई, पण लिमिट चार हाय!"

शाब्बास, पोरी! माझ्या फळ्या ताठ झाल्या. सर माझ्यापाशी आले. स्वतःचं बोट डावीकडून सरकवलं, मग उजवीकडून. त्यांचे कान लाल झाले.

"बरोबर आहे गं तुझं. लिमिटलाच किंमत म्हणालो, तिथंच चुकलं माझं," ते म्हणाले. मग दाराकडं वळून, "सटवाजी, करवत घेऊन जा."

"जातो की सर! माझा बी हात उचलत नव्हता."

आज मी पुन्हा पुढच्या भिंतीवर आहे, स्क्रीनच्या शेजारी. मित्रांनो, जुन्या वस्तूला हार घालू नका आणि अडगळीतही टाकू नका, तिच्याकडून काम घ्या. मला ओल्या फडक्यानं पुसा, माझ्यावर रोज खडू चालवा. आणि कधी भरल्या वर्गात "न्हाई सर" म्हणायची वेळ आलीच, तर बेधडक माझ्यापाशी या. मी तुमच्या पाठीशी उभा आहे.