लातूरहून आलेलं इंजिन

"आता बास, हात नको लावू बे!" पंडित मिस्त्री ओरडला, तोवर सुग्रीवनं चौथ्यांदा चावी फिरवली होती. इंजिन घरघरलं, पेटलं, दूध संस्थेच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली, आणि एक, दोन म्हणेपर्यंत सगळं गपगार झालं. संस्थेच्या चेअरमन वच्छलाबाई नारळ फोडायला हात उचलून उभ्या होत्या. त्यांनी तो पुन्हा खाली घेतला. एकाच नारळाला त्यांनी सकाळपासून चार वेळा आशेला लावलं होतं.

"डिझेल बरोबर येतंय," पंडित म्हणाला. "माझं काम चोख हाय. गडबड तुझ्या वायरीत हाय."

"माझ्या वायरीत न्हाई," सुग्रीव म्हणाला. पण मीटरमध्ये चावीच्या आकाराचा एक लाल दिवा लुकलुकत होता आणि तो काय सांगतोय हे सुग्रीवला कळत नव्हतं. याचीच त्याला लाज वाटत होती.

गाडी होती जुनी, चौघांनी बसावं एवढीच. जांभळदऱ्याच्या महिला दूध संस्थेला ती कुणीतरी देणगी म्हणून दिली होती, आणि देणाऱ्यानं ती का दिली हे धारूरच्या घाटात पहिल्याच दिवशी समजलं. मागची सीट काढून सहा कॅन ठेवले की दुसऱ्या वळणावर तिला उकळी फुटायची. बायका पायी वर जाऊन कॅन उतरवायच्या. दुष्काळानं गावातलं दूध निम्म्यावर आलं, तसा घाटावरच्या दूध संघाचा टेंपो खाली यायचा बंद झाला. एवढ्याशा दुधासाठी फेरी कोण मारणार? संघानं सांगितलं, येत्या गुरुवारपासून दूध तुम्ही वर आणा, रोज, नऊच्या आत. नाहीतर संस्था यादीतून काढू. उन्हाळ्यात नऊनंतर दूध नासतं, त्यामुळे संघाचंही चूक नव्हतं. पण संस्था गेली तर चाळीस घरांतल्या म्हशींना बाजार दाखवावा लागणार, हे बायकांना न सांगता कळत होतं.

म्हणून पंडितनं भंगारातून टर्बोचं डिझेल इंजिन शोधून आणलं, पुढचा पत्रा कापून, सांगाडा जोडून ते या गाडीत बसवलं. टर्बो म्हणजे काय, असं बायकांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "चुलीला फुंकणी असती ना? तशी इंजिनाला ही." वायरिंगसाठी मात्र सिरसाळ्याहून सुग्रीवला बोलवावं लागलं. आज सोमवार होता.

तेवढ्यात केसरबाई दुधाची किटली घेऊन ओट्यावर आल्या. साठीची, काटक बाई. त्या आल्या आणि सगळ्यांची तोंडं एकदम बंद झाली. वच्छलाबाईंचे मालक शहादेव संस्थेत ड्रायव्हर होते, म्हणजे घरीदारी एकाच बाईच्या हाताखाली होते. ते घसा खाकरून मोठ्यानं म्हणाले, "लातूरचं इंजिन हाय ना. हिकडची हवा मानवंना त्याला."

"व्हय व्हय, लातूरचंच," पंडित म्हणाला.

केसरबाईंनी दूध मापून घातलं. जाता जाता उघड्या बॉनेटपाशी क्षणभर थांबल्या, आत पाहिलं आणि निघून गेल्या. त्या वळणावर दिसेनाशा होईपर्यंत कुणी कुणाकडे बघितलं नाही.

इंजिन लातूरचं नव्हतं. ते केसरबाईंच्या मुलाच्या, भारतच्या गाडीचं होतं. दिवाळीच्या पाठोपाठ परळीच्या रस्त्यावर एका डंपरनं ती ड्रायव्हरच्या बाजूनं चेपली. भारत जागीच गेला आणि इंजिनाला ओरखडासुद्धा आला नाही. पंडितनं भंगारात ते पाहताच ओळखलं, कारण त्याचं तेल तोच बदलायचा. गावानं ठरवलं, म्हातारीला कळू द्यायचं नाही. ठरवलं ते मायेपोटीच, यात शंका नाही.

सुग्रीवनं सहकारी साखर कारखान्याच्या गाड्यांच्या खात्यात बावीस वर्षं वायरिंग केलं होतं. उसाचा पाचोळा झाला, गाळप थांबलं, कारखान्याच्या फाटकाला कुलूप लागलं, आणि सुग्रीव सिरसाळ्यात टपरी टाकून हॉर्न आणि इंडिकेटर दुरुस्त करू लागला. बढती त्याला कधी मिळाली नाही, बक्षीसही नाही. त्याचे फक्त दोन नियम होते. जोड हातानं ओढून बघितल्याशिवाय त्यावर टेप गुंडाळायची नाही. आणि जे कशासाठी आहे ते ठाऊक नाही, ते कापायचं नाही. कारखान्यातले इंजिनिअर या दुसऱ्या नियमाला हसायचे. पण भंगारवाल्यानं इंजिनाबरोबर दिलेला वायरींचा भारा, कॉम्प्युटरचा डबा, चावीचं लॉक आणि लॉकभोवतीचं काळं कडं, सगळं सुग्रीवनं या नियमापायीच जपून गाडीत बसवलं होतं. तेल बघायच्या दांडीला एक लाल नाडा बांधलेला होता. दर वेळी बोटात अडकायचा. तोही त्यानं तसाच ठेवला होता.

गाडीच्या सावलीत बसून त्यानं त्रिंबकला फोन लावला. त्रिंबक कारखान्यात त्याच्या हाताखाली होता, आता खरोखरच लातुरात एका मोठ्या वर्कशॉपमध्ये होता.

"दादा, चावी कोणती लावली?" त्रिंबकनं सगळं ऐकून विचारलं.

"लॉक हाय, चावी नव्हती. परळीहून कापून आणली."

"मंग जलमात न्हाई चालायची. खऱ्या चावीच्या पोटात दाणा असतो, ज्वारीएवढा. लॉकभवतीचं कडं त्या दाण्याला वळखतं. वळख पटली न्हाई की कॉम्प्युटर इंजिन बंद करतो. चोरी होऊ न्हाई म्हून."

"दुसरा उपाय?"

"डबा काढून पुण्याला धाडा. धा-बारा दिस लागतेत."

सुग्रीवनं फोन खिशात टाकला. गुरुवार तीन दिवसांवर होता. शे-सव्वाशे वायरी त्यानं बिनचूक जोडल्या होत्या आणि आता एका चावीपाशी हात टेकायची वेळ आली होती. खरी चावी कुठं आहे हे पंडितला माहीत होतं. केसरबाईंच्या घरी, भारतच्या फोटोशेजारी, खिळ्याला.

"मला न्हाई जमायचं बाई," वच्छलाबाई म्हणाल्या. भरल्या सभेत माइक हिसकावून घेणारी ती बाई, पण डोळे भरून आले होते. "कोणत्या तोंडानं मागू? महिनाभर तिच्याम्होरं लातूर-लातूर करायले आपण. जाऊ द्या भाऊ. पुण्याला धाडा डबा."

"अन् गुरुवारी?" पंडितनं विचारलं.

वच्छलाबाईंनी रिकाम्या कॅनांकडे बघितलं.

"मी जातो," सुग्रीव म्हणाला. "खोटं मी बी बोललोय."

दुपारची वेळ. केसरबाई दारात बसून विळ्यावर कडबा तोडत होत्या. दावणीला एकच म्हैस, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. सुग्रीवला बघून त्या उठल्या आणि तांब्याभर पाणी घेऊन आल्या. त्या दिवसांत टँकर चौथ्या दिवशी यायचा. सुग्रीवनं दोन घोट घेतले आणि तांब्या तसाच हातात धरून बसला. आतल्या भिंतीवर फोटो दिसत होता, आणि खिळ्याला लटकलेली काळ्या मुठीची चावी.

"आक्का, एक खोटं बोललोय आमी तुमच्याशी," तो म्हणाला.

"दांडीचा नाडा हाय का अजून?" केसरबाईंनी विचारलं.

सुग्रीवनं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

"म्याच बांधलता दसऱ्याला. भारत म्हनला, आई, हितं कोण बांधतं? म्या म्हनलं, हार वाळून जातो, हितं ऱ्हाईल. पयल्या दिवशीच दिसला मला. तवापून रोज बघते, कापला का हाय. तुमी कापला न्हाई कावून?"

"जे कशापायी हाय ते ठाऊक न्हाई, ते मी कापत न्हाई."

"मंग सांगितलं कावून न्हाई?"

"तुमाला तरास हुईल म्हून."

केसरबाईंनी हातातली पेंडी खाली टाकली. "माझा तरास तुमी ठरवणार? पोरगं माझं गेलं अन् गावानं मिळून ठरवलं, केसरबाईला सांगायचं न्हाई. म्या ओट्यावर आले की समदे खोकतेत. मी काय लहान लेकरू हाय? महिनाभर वाट बघितली म्या, कुणीतरी येऊन म्हनल, बाई, तुझ्या भारतचं इंजिन हाय, बसवावं का?"

"तुमी व्हय म्हनला असता का?"

त्यांनी आतल्या फोटोकडे बघितलं. "ठाऊक न्हाई," त्या म्हणाल्या. "पर इचारायचं तर हुतं."

सुग्रीवनं मान खाली घातली. मग, आता मागं फिरायचं नाही असं ठरवून, त्यानं चावीचं सगळं सांगितलं. दाणा, कडं, गुरुवार, काहीही झाकून ठेवलं नाही. "चावी तुमच्याकडंच ऱ्हाईल," तो म्हणाला. "मूठ उघडून तेवढा दाणा काढतो अन् लॉकपाशी चिटकवून टाकतो. परळीच्या चावीनं गाडी चालल. ही परत खिळ्याला."

केसरबाई आत गेल्या आणि चावी घेऊन आल्या. पण त्याच्या हातात दिली नाही. "दवाखान्यातून पिशवी आली तवा घड्याळ फुटलेलं, मोबाइल फुटलेला. एवढी साबूत हुती. हिला फोडायची न्हाई."

"बरं."

"गुरुवारी दूध भरलं की मी यीन. गाडी मी चालू करीन. अन् म्हागारी आली की चावी मीच काढीन. रोज. जमतंय का?"

"जमतंय," सुग्रीव म्हणाला. आणि उरलेलं पाणी सांडू नये म्हणून तांब्या जपून त्यांच्या हातात दिला.

मंगळवार आणि बुधवार त्यानं एकेक जोड ओढून बघण्यात घालवले. ओढून, टेप लावून, पुन्हा ओढून. पंडित म्हणाला, "आरं, तुटंपर्यंत वढतो का?" सुग्रीव म्हणाला, "घाटात तुटण्यापरीस हितं तुटू दे." चावी आधी लावून बघूया, असं वच्छलाबाईंनी दोनदा सुचवलं. सुग्रीवनं दोनदा नकार दिला. बोलणं गुरुवारचं झालं होतं.

गुरुवारी साडेसातला सहा कॅन भरले. केसरबाई धुतलेलं लुगडं नेसून आल्या. या वेळी कुणी खोकलं नाही. वच्छलाबाई पुढं झाल्या, "केसर, चुकलं आमचं," एवढंच म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. "बघू म्हागून," म्हणत केसरबाई ड्रायव्हरच्या जागी बसल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या तिथं बसत होत्या. चावी कुठं घालायची हे सुग्रीवनं बोटानं दाखवलं. लाल दिवा लागला. लुकलुकला नाही. क्षणभर तसाच राहिला आणि विझला.

"आता फिरवा, आक्का."

इंजिन पेटलं. पंडित मोठ्यानं आकडे मोजू लागला, एक, दोन, तीन. पाचाच्या पुढं बायकाही त्याच्याबरोबर मोजू लागल्या, आणि विसाला वच्छलाबाईंनी चार दिवसांचा नारळ एकदाचा दगडावर आपटला. केसरबाईंचा हात अजून चावीवर होता. सुग्रीवला वाटलं, या आता उतरायच्या नाहीत. पण त्या उतरल्या. शहादेवना म्हणाल्या, "सावकाश जावा. घाई करू नका."

सुग्रीव शेजारी बसला. घाटाचं पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणावर शहादेवचा हात सवयीनं हँडब्रेककडे गेला, तेवढ्यात बॉनेटखालून बारीक शिट्टीसारखा आवाज आला आणि पाठीला मागून कुणी रेटावं तशी गाडी वर चढू लागली. "लागली फुंकणी!" शहादेव ओरडले. सुग्रीवचे कान एकेका वायरीवर होते आणि डोळे इंजिनाची गरमी दाखवणाऱ्या काट्यावर. काटा मध्येच थांबून राहिला. कडेला पळसाच्या वाळक्या रानात धारूरच्या किल्ल्याचा तट दिसू लागला, तेव्हा कुठं त्यानं श्वास सोडला. संघाच्या फाटकावर कारकुनानं वहीत वेळ लिहिली, आठ वाजून सव्वीस मिनिटं, आणि कॅन आत ओढून घेतले. बावीस वर्षांत कुणी पाठीवर हात ठेवला नव्हता. आज तो पोचल्याच्या वेळेच्या आकड्याकडे बघून स्वतःशीच खूष झाला.

परत यायला दहा वाजले. ऊन पत्र्यावर तापलं होतं. बायका जनावरांच्या छावणीकडे गेल्या होत्या आणि ओटा रिकामा होता. पण अगदी रिकामा नव्हता. केसरबाई कडेला बसल्या होत्या, सकाळी गाडी सुटली तेव्हा होत्या त्याच जागी. नारळाचा तुकडा तसाच हातात, न खाल्लेला. त्यांचे डोळे रस्त्यावर होते. गाडी वळणावर दिसली तशा त्या उठल्या.

शहादेवनं गाडी ओट्याला लावली. ते इंजिन बंद करायला गेले, पण सुग्रीवनं त्यांचा हात धरला.

केसरबाई खिडकीपाशी आल्या. "आली," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग आत हात घालून त्यांनी चावी मागं फिरवली. इंजिन शांत झालं. चावी उन्हानं आणि हातानं कोमट झाली होती. त्यांनी ती पदरानं पुसली, पदराच्याच टोकात बांधली आणि गाठ दोनदा ओढून बघितली.

"उद्या किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"साडेसात," सुग्रीव म्हणाला.

"यीन," म्हणून त्या म्हशीला पाणी दाखवायला घराकडे निघाल्या.