पांढऱ्या फोडी

औषधाच्या दुकानात नोकरी करून करून ताईचा स्वभावच तसा झाला होता. बाटली हातात आली की आधी सील बघायचं, मग तारीख, मग देणाऱ्याचं तोंड. माणसांनाही ती तशीच उलटीपालटी करून बघे. त्यात धाकटा भाऊ लंबू म्हणजे तर सील फुटलेलीच बाटली.

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. कुणी धरल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. लंबूची रखवालदारी रात्रीची. रात्री शेजारीण सोबतीला येणार आणि दिवसभर आईपाशी लंबूने थांबायचं, असं ठरलं. हो म्हणाला तो. हो म्हणायला त्याचं काय जातंय! ताईने तेव्हाच तंबी दिली होती, एकदा जरी आई एकटी सापडली तर तिला उचलून माझ्याकडे नेईन. आईला स्वतःचं घर सोडायचं नव्हतं. पण ती नुसती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

संध्याकाळी दुकान सुटलं की ताई यायची, तेव्हा लंबू नेमका घरात नसायचा. पण आईच्या उशाशी बशीत सफरचंदाच्या फोडी असायच्या, पांढऱ्याशुभ्र. आत्ताच कापून दिल्या त्याने आणि दूध आणायला गेला, असं आई सांगायची. फोडी पांढऱ्या म्हणजे खरंच आत्ताच्या. ताईचा नाइलाज व्हायचा. तरी मनातली पाल चुकचुकायची काही थांबेना. रोजच आत्ताच? आणि दूध आणायला गेलेला माणूस काय म्हैस धुऊन, दोहून मग येतो?

त्या दिवशी ती मुद्दाम ठाण मांडून बसली. आईचे केस विंचरून झाले, नणंदेच्या कागाळ्या सांगून झाल्या, बाहेर दिवे लागले. डोळा मात्र बशीवर. कापलेलं सफरचंद एवढ्या वेळात काळं पडायला हवं. या फोडी जशाच्या तशा. तिने एक तोंडात टाकली. खारट लागली.

मिठाचं पाणी! ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे हा पठ्ठ्या दुपारीच फोडी करून मिठाच्या पाण्यात बुडवतो, आईला एकटी टाकून गावभर उंडारतो आणि वर बहिणीच्या डोळ्यांत धूळ फेकतो. आज येऊ दे त्याला, असं पुटपुटत ती पुरावा शोधायला स्वयंपाकघरात शिरली.

ओट्यावर वाडगं होतं, त्याच्या तळाशी खारं पाणी. शेजारी सफरचंदाची साल पडली होती, एकसंध, लांबच लांब, कुठेही न तुटलेली. ताई बघतच राहिली. लंबू सफरचंद सालीसकट खायचा. त्याला बटाटाही धड सोलता येत नसे. अशी साल या घरात एकच हात काढायचा. शाळेच्या डब्यातल्या फोडी काळ्या पडू नयेत म्हणून त्या मिठाच्या पाण्यात बुडवणाराही तोच. तिने मान वर केली. भिंतीवर आणि दाराच्या चौकटीवर वाळलेल्या मिठाचे पांढुरके बोटांचे ठसे होते, थेट पलंगाच्या खोलीपर्यंत.

साल हातात घेऊन ती खोलीत आली, तेवढ्यात लंबू आला. हातात दूध नव्हतंच. आईने पलंगावरूनच घाईघाईने विचारलं, "सफरचंदाचा चाकू धुऊन ठेवलास ना रे?"

"कुठला चाकू?" लंबू म्हणाला.

लंबूने ताईच्या हातातल्या सालीकडे पाहिलं, मग आईकडे, आणि त्याचा चेहरा उतरला. आई आपल्यासाठी काय करतेय, हे त्याला त्या क्षणापर्यंत ठाऊकच नव्हतं.

"पडले नाही ना अजून," आई हळूच म्हणाली. "भिंत धरून जाते मी. तू नेशील म्हणून..."

लंबूसाठी जुळवून ठेवलेलं भांडण ताईने तिथेच सोडलं. पाळत ठेवायला निघाली होती भावावर, आणि तिच्याच तंबीने आईला त्या खुब्यावर उभं केलं होतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. ती पलंगाच्या कडेला बसली आणि आईचा हात तिने हातात घेतला.

"नेत नाही कुठे," ती म्हणाली. "उद्या मला काळ्या पडलेल्या फोडी दिल्यास तरी चालेल. पण उठू नकोस."