वाऱ्याकडचे नऊ तारे

हेमालीला आता ताऱ्यांचंही कौतुक उरलं नव्हतं. सहा वर्षं एकाच तारकागुच्छावर डोळे फोडून तिचा जीव मेटाकुटीला आला होता. बाराशे कोटी वर्षांचा तो म्हातारा गुच्छ, आणि त्यातल्या त्र्याहत्तर ताऱ्यांच्या प्रकाशावरून कोणात सोडियम किती, ऑक्सिजन किती, हे काढता काढता बाई चौतिशीला टेकल्या. सकाळी पालघरच्या कॉलेजात तासिकेवर शिकवायचं, दुपारी समुद्रकाठच्या नवापूरला घरी येऊन लॅपटॉप उघडायचा. वर शेजारच्या ठकीकाकू विचारणारच, "लागली का गो कायमची?"

एवढ्या मरमरीला एकच फळ आलं होतं. अशा जुन्या गुच्छांत ताऱ्यांच्या दोन पिढ्या असतात. पहिलीने टाकलेल्या वायूतून दुसरी जन्मते, तिच्यात सोडियम जास्त. हे जगाला ठाऊक होतं. हेमालीला मात्र नऊ तारे असे सापडले, की त्यांत सोडियम त्याच्याही दुप्पट. म्हणजे तिसरी पिढी! तिचे पुण्याचे मार्गदर्शक सर खूश झाले. प्रबंध सोमवारी द्यायचा होता, आणि कायमची नोकरी त्याच्यावरच अडली होती.

शनिवारी जेवताना आईने, मंजुळाने, चुलीत भाजलेला सुका बोंबील तिच्या ताटात टाकला.

"आये, केवडा खारट! मीठ लावलंस?"

"मीठ कशाला लावू? वलांडीवर सुकवला तवा वाऱ्याकडच्या बांबूवर व्हता तो. मासा सगला एकच, खारं वारं वरून बसतं. म्हणून ती रांग आपल्या घरात, आतली बाजारात. गिऱ्हाइकाला माशाच्या नावावर वारा नाय विकायचा."

हेमालीचा घास तोंडातच राहिला. उष्ट्या हाताने तिने लॅपटॉप ओढला, गुच्छाचा नकाशा काढला आणि त्यावर नऊ खुणा केल्या. नऊच्या नऊ एकाच कडेला, खेटून बसलेले. त्या ताऱ्यांच्या आणि आपल्या वाटेत कुठेतरी वायूचा ढग होता; सोडियम त्याचं होतं, ताऱ्यांचं नव्हतं. सहा वर्षं तिने रकान्यातले आकडे पाहिले, पण कोण कुठे बसलाय हे पाहिलं नाही. खाऱ्या वाऱ्यात वाढलेल्या पोरीने!

सरांच्या लक्षात आलं नव्हतं. परीक्षकांच्याही कदाचित येणार नव्हतं. गप्प बसायचा मोह तिला झाला, चांगला चहा उकळून होईल एवढा वेळ टिकला. मग तिने सरांना लिहिलं: तिसरी पिढी नाही, नऊ तारे वगळते, अजून एक वर्ष लागेल. पाठवलं आणि ओट्यावर बसून ढसाढसा रडली.

"काय झालं, बाय?"

"माझे नऊ तारे वाऱ्याकडचे निघाले, आये."

ताऱ्यांतलं मंजुळाला ओ की ठो कळत नव्हतं. पण हे कळलं.

"आन बाकीचे?"

"चौसष्ट. चांगले हायेत. पण त्यांच्यात नवं काय नाय."

मंजुळा तिच्याजवळ टेकली. तिच्या हातांना बोंबलाचा वास येत होता.

"नऊ ऱ्हाऊ दे घरात," ती म्हणाली. "चौसष्ट ने बाजारात."