पाचशे त्रेचाळीस वर्षं मागे जाण्यास परवानगी मिळणेबाबत

बुधवारी सकाळी साडेआठला लामयाय माझ्या खोलीत आली आणि दारातूनच म्हणाली, "आचान, मशीन अजून साठच म्हणतंय."

"म्हणू दे मेल्याला," मी म्हणाले. आचान म्हणजे सर किंवा बाई; मी तिची मार्गदर्शक. दुपारी एकला तिची पीएचडीची तोंडी परीक्षा होती, आणि पाच वर्षांचं काम एका आकड्यावर अडलं होतं.

लामयायची आई मुकदाहान जिल्ह्यात रेशीम विणते. पोरीने त्याच विणकामातली एका जातीची नक्षी घेतली आणि प्रश्न धरला: फिरवून किंवा उलटून जी सारखी दिसते ती एकच मानायची, तर एकूण वेगळ्या नक्ष्या किती? तिचं उत्तर एकसष्ट. आमच्या गणित विभागाचं अधिकृत उत्तर साठ. हे साठ आचान प्रयूर यांनी २५६० साली काढलं, आणि त्याचा तक्ता जिन्याजवळ काचेच्या चौकटीत लावलाय. आचान प्रयूर म्हणजे आमचे माजी विभागप्रमुख, माझे स्वतःचे गुरू, आणि दुपारच्या परीक्षा समितीचे अध्यक्ष. घ्या!

हिशेब करणारं सॉफ्टवेअर होतं ऑर्बिटा. फुकट मिळतं, जगभरची हौशी माणसं मिळून चालवतात. लामयायच्या लॅपटॉपवर नवी आवृत्ती होती, ती एकसष्ट सांगायची. विभागाच्या मशीनवर आठ वर्षांपूर्वीची होती, तिच्यात चूक होती, ती एक नक्षी गिळायची. ही चूक जगात सगळीकडे केव्हाच दुरुस्त झाली होती. पण नियम असा की प्रबंधातला हिशेब विभागाच्याच मशीनवर करून दाखवायचा. म्हणजे तिथे नवी आवृत्ती उतरवून घ्यायची, एवढंच. दहा मिनिटांचं काम. आम्ही तीन आठवडे करत होतो.

मशीनच्या खोलीत पी तोन बसला होता. पी म्हणजे दादा. पी तोन आमचा तंत्रज्ञ, वय पन्नास, आणि त्याला सगळे पीच म्हणतात, त्याच्याहून मोठेसुद्धा. मशीनपुढे त्याने नैवेद्य म्हणून लाल सरबताची बाटली ठेवली होती, नळीसकट.

"कालपर्यंत हिरवं होतं," तो म्हणाला. "म्हटलं, चव आवडत नसेल."

"पी, पेनड्राइव्हवरून का नाही घालत?"

"भोकंच नाहीत, आचान. २५६१ साली व्हायरस आला तेव्हा मीच गोंद ओतून बुजवली. चांगला गोंद होता."

मी कपाळावर हात मारला. लामयायने पुन्हा आज्ञा टाकली. मशीनने पुन्हा तेच ऐकवलं: ज्या ठिकाणाहून उतरवायचं आहे त्याचं ओळखपत्र मुदतबाह्य आहे, भरवसा ठेवता येत नाही.

"बघा," लामयाय म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "जगातल्या प्रत्येक ठिकाणाबद्दल हेच म्हणतं. बँक, टपाल, हवामान खातं, कुणावरच याचा भरवसा नाही."

"माझ्या सासूसारखं आहे," पी तोन म्हणाला.

मग मी ऑर्बिटावाल्यांच्या मदतीच्या पानावर शेवटचं लिहिलं. आधीच्या तीन तक्रारी फिनलंडमधल्या ओलावी नावाच्या माणसाने 'आमच्याकडे असं होत नाही' म्हणून बंद केल्या होत्या. या वेळी मी चिडून मशीनची अख्खी नोंदवहीच चिकटवली, सातशे ओळी. तिकडे पहाटेचे चार वाजले असतील. तरी पाच मिनिटांत उत्तर आलं.

"नोंदवही पाहिली. तुमच्या मशीनवर आज २५६८ साल चालू आहे. ओळखपत्रं पाचशे त्रेचाळीस वर्षांपूर्वी संपली, हे त्याचं म्हणणं खरंच आहे. एक विचारू का? तुमच्याकडे ऑर्बिटा अजून फुकटच मिळतं ना? आणि आमच्या यादीतली क्रमांक एकोणचाळीसची चूक कुणी सोडवली का? आम्हाला फार त्रास होतोय."

मी ते दोनदा वाचलं. मग पी तोनकडे पाहिलं. पी तोनने सरबताकडे पाहिलं.

"पी, मशीनवर बुद्धाचं साल कुणी घातलं?"

"साल तर हेच आहे ना, आचान? भिंतीवरच्या कॅलेंडरवर बघा की."

"माणसांचं हेच आहे! मशीनला ख्रिस्ताचं साल लागतं, हे तुला ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे," तो हळूच म्हणाला. "आठ वर्षं ठाऊक आहे. पण आचान प्रयूरनी स्वतःच्या हाताने घातलं. उद्घाटनाचा दिवस होता, भंते मंत्र म्हणत होते. मशीन रोज पहाटे आपोआप मागच्या सालात जायचं, तर आचाननी ती सोयच बंद करायला लावली. मी कुठे बोलू? ते आचान!"

मीही बोलले नसते. आमच्याकडे गुरूला तोंडावर चुकलात म्हणायची रीत नाही. ओलांडून जायचं नाही, खाली वाकून बाजूने जायचं. आठ वर्षं अख्खा विभाग त्या घड्याळाच्या बाजूने वाकून जात होता.

"तुझ्याकडे पासवर्ड आहे. बदल गुपचूप."

"नाही हो आचान. मी मेलो तरी नाही."

"आणि पोरगी नापास झाली तर चालेल?"

"अर्ज लिहू," पी तोन म्हणाला. "अर्जाने सगळं होतं."

लिहिला. गरुडाचं चिन्ह असलेल्या सरकारी कागदावर लिहिला. विषय: पाचशे त्रेचाळीस वर्षं मागे जाण्यास परवानगी मिळणेबाबत. लामयायला 'मागे जाणे' अपमानाचं वाटत होतं, तिला 'विसावा घेणे' हवं होतं. त्यावर आम्ही वीस मिनिटं भांडलो. कारणाच्या रकान्यात काय भरायचं हा खरा प्रश्न होता. कारण एकच होतं: घड्याळ मागे गेलं की नवी आवृत्ती येणार, नवी आवृत्ती आली की साठाचे एकसष्ट होणार, आणि जिन्याजवळचा तक्ता खोटा ठरणार. ज्यांच्या नावाचा तक्ता, त्यांच्याकडेच आम्ही सही मागायला निघालो होतो. मी लिहिलं, 'तांत्रिक'.

साडेअकराला आचान प्रयूर आपल्या खोलीत चिकट भात आणि भाजलेली कोंबडी खात होते. चौऱ्याहत्तरीचे गृहस्थ, निवृत्त होऊनही रोज येतात, सात समित्यांवर आहेत. आम्ही तिघं ओळीने हात जोडून वाकलो. त्यांनी बोटं पुसली, चष्मा लावला आणि अर्ज वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"आपलं साल चुकीचं आहे का?" त्यांनी विचारलं.

पी तोन पुढे सरकला. "छे छे, आचान. साल आपलंच बरोबर. बाकीच्या मशीनांचं चुकलंय. पण त्या पुष्कळ आहेत."

"हं. आणि मागे गेल्यावर माझी निवृत्ती?"

"मशीनपुरतंच, आचान. आपलं निवृत्तिवेतन पुढेच राहील."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नोंगलक, तांत्रिक म्हणजे काय?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण लामयाय शेजारी उभी होती, हातातल्या फाइलची कड कुरतडत. मी म्हणाले, "आचान, जुन्या आवृत्तीत चूक आहे. नवी घातली तर बहुतेक एकसष्ट येतील."

आचाननी कोंबडीचा डबा बंद केला, अर्जावर सही केली, आणि सहीखाली तारीख घातली, २५६८चीच. मग उठले. "मी घातलं होतं, मीच काढतो," म्हणाले.

मशीनपुढे बसून त्यांनी एका बोटाने नवं साल टाइप केलं. दोन, शून्य, दोन, पाच. पी तोनने डोळे मिटून घेतले. काही झालं नाही. ओळखपत्रं एका क्षणात जिवंत झाली, बँक, टपाल, हवामान खातं सगळे विश्वासू निघाले, आणि ऑर्बिटाची नवी आवृत्ती सात मिनिटांत उतरली. लामयायने हिशेब लावला. बारा चाळीस झाले. आम्ही चौघं पडद्याकडे बघत उभे राहिलो. खुर्ची रिकामी होती, पण आचान बसले नाहीत, म्हणून कुणीच बसलं नाही.

बारा बावन्नला आकडा आला. एकसष्ट.

लामयायने तोंडावर हात दाबला. मला तिला मिठी मारावीशी वाटली, पण आचान तिथे होते. मी मान खाली घातली. पी तोन जमिनीवरचा कुठलासा तारेचा तुकडा फार काळजीने उचलू लागला.

"मुली," आचान म्हणाले, "पास आहेस, ते मी वर जाऊन समितीला सांगतो. पण मला एक सांग. मशीन साठ म्हणत होतं. मी साठ म्हणत होतो. भिंतीवर साठ लावलेत. तरी तू पाच वर्षं एकसष्टच कशी धरून बसलीस?"

"मी मोजल्या होत्या, आचान," लामयाय म्हणाली. "हाताने. तीनदा."

आता मात्र ते खुर्चीवर बसले. चष्मा काढला.

"मीही मोजल्या होत्या," ते म्हणाले. "२५६० साली. हाताने. मलाही एकसष्टच आल्या होत्या. मग हे मशीन आलं आणि साठ म्हणालं. मला वाटलं, झालो म्हातारा. आता जमत नाही आपल्याला. कागद फाडून टाकले. त्यानंतर गणिताला हात नाही लावला. समित्या घेतल्या."

आठ वर्षं मी पाठीमागे कुरकुरत होते, की म्हाताऱ्याला समित्यांची हाव सुटलीये. माझी मलाच लाज वाटली.

वरून निरोप आला, समिती थांबली आहे. "थांबू दे," आचान म्हणाले. "जी मशीनला दिसत नव्हती ती काढून दाखव मला. माझी तीच होती का बघू दे."

लामयायने त्याच अर्जाची मागची बाजू घेतली, खाली गुडघ्यांवर बसली आणि पेन्सिलीने चौकटी भरू लागली. अर्धी नक्षी झाली असेल नसेल, आचाननी तिच्या हातातून पेन्सिल काढून घेतली आणि उरलेली अर्धी, एकदाही न थांबता, पूर्ण केली.