मधला वाडगा

"काटा तोंडात घालायचा नाही, पप्पा. काट्यानं नुसतं चमच्यात ढकलायचं."

"मंग काटा देतेच कायले?"

"ढकलायला."

भाऊसाहेबांनी काटा पान्यासारखा मुठीत धरला होता. राणीने तो काढून घेतला आणि पुन्हा नीट त्यांच्या डाव्या हातात दिला. राणी राहायची त्या परदेशी शहरातल्या क्वीन्सटाउन भागात, एका जुन्या ब्लॉकखालच्या थाई खानावळीत दुपारची गर्दी ओसरली होती. मालकीण नोई आपल्या माणसांना घेऊन मागच्या टेबलावर जेवायला बसली होती आणि या बापलेकींनाही तिने तिथेच ओढून बसवलं होतं. राणी तिला 'पी नोई' म्हणायची. पी म्हणजे थोरली बहीण, हे कळल्यावर भाऊसाहेब खूश झाले.

"म्हणजे आपल्यासारखंच हाय की. बाई दिसली की ताई."

त्यांना आणखी एका गोष्टीचा आनंद झाला होता. फ्रिजच्या वरच्या फळीवर बुद्धाची लहानशी मूर्ती होती आणि तिच्यापुढे ताज्या फुलांची माळ. आत शिरताच भाऊसाहेबांनी चप्पल काढून हात जोडले. नोईनेही लगेच हात जोडले. तिला वाटलं, पाहुणा आपल्यालाच नमस्कार करतोय.

टेबलाच्या मधोमध टॉम यमचा, म्हणजे आंबट-तिखट रश्श्याचा वाडगा होता, लालसर, तवंग आलेला, वाफाळता. बाजूला लिंबाच्या रसातला अख्खा मासा, आणि कच्च्या पपईची कोशिंबीर, जिला हे लोक सोम तम म्हणतात. ती आत कुटली जात असताना खलबत्त्याचा आवाज ऐकून भाऊसाहेब म्हणाले होते, "ठेचा करून राह्यले काय?" प्रत्येकाच्या ताटलीत फक्त पांढरा भात. बाकी सगळं मधे, सगळ्यांचं.

"एकदम वाढून घ्यायचं नाही," राणी सांगत होती. "एक-दोन चमचे घ्यायचे, भातावर. ते संपलं की दुसरं काहीतरी. ताटलीचा डोंगर केला की हावरट वाटतं."

"आन् ह्या काड्या?"

"तो गवती चहा. चावायचा नाही, बाजूला काढायचा."

हे त्यांना उशिरा कळलं. काडीचा त्यांनी केव्हाच चावून चावून भुसा केला होता. स्वयंपाकी तोंडावर हात ठेवून हसला. भाऊसाहेबही हसले.

पण त्यांचा चमचा अजून मधल्या वाडग्यात गेला नव्हता. ते नुसता भात आणि नोईने त्यांच्या ताटलीत ठेवलेला माशाचा तुकडा खात होते. नोईच्या ते लक्षात आलं. "अंकल, ईट, ईट," म्हणत तिने वाडगा त्यांच्याकडे सरकवला. बाकीचे आपापल्या तोंडातला चमचाच त्यात बुडवत होते. घरच्यांत थाई लोक असंच जेवतात. भाऊसाहेबांनी चमचा बुडवला, रस्सा घेतला, आणि थांबले. ते कोणाकडे बघत नव्हते. ते वाडग्याकडे बघत होते.

स्वयंपाक्याने त्यांच्यामागून लगेच आपला चमचा घातला. मग भांडी घासणाऱ्या बाईने. मग नोईने. कोणी थांबलं नाही.

भाऊसाहेबांनी जन्म अकोल्याच्या एसटी वर्कशॉपात काढला, टायर सेक्शनला. तिथे कोणी त्यांना वेगळं बसवलं नाही. ते दिवस गेले, असं सगळे म्हणतात. एका घमेल्यात हात धुतले जायचे, एकाच बाकावर डबे उघडायचे. फक्त त्यांच्या डब्यात कोणाचा हात येत नसे. भाजी चांगली दिसते म्हणायचे, वासाची तारीफ करायचे, आणि पोट भरलंय म्हणायचे. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी पेढे वाटले. सगळ्यांनी घेतले, पाठीवर थापा मारल्या. संध्याकाळी कपाटाची चावी द्यायला ते परत गेले, तेव्हा खिडकीच्या कट्ट्यावर पेढे कागदात गुंडाळून नीट ओळीने ठेवलेले होते. मुंग्या लागलेल्या. फेकायलाही कोणाचं मन झालं नव्हतं, इतकी चांगली माणसं.

हे त्यांनी राणीला कधी सांगितलं नव्हतं. तिच्या आईला सांगितलं होतं, आणि ती आता नव्हती.

"काय झालं, पप्पा? तिखट लागलं?"

"नाही वं. बरं लागते." त्यांनी पुन्हा चमचा घातला. "मधातलं सगळ्याइचं असते, नाही का?"

"हो."

"लय चांगली पद्धत हाय."

राणीने त्यांना इथे शिकायलाच आणलं होतं. येत्या शनिवारी याच खानावळीत वरुणचे आईवडील यायचे होते. राणी इथल्या एका प्रयोगशाळेत संशोधन करत होती आणि वरुणबरोबरचं तिचं नातं आता तीन वर्षांचं झालं होतं. वरुण इथेच वाढलेला. त्याचे वडील सुबोध हार्बरफ्रंटला एका जहाज कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. आई उल्का मूळच्या पुण्याच्या. घरी जेवायला बोलवायचं का, असं वरुणने विचारलं तेव्हा उल्का म्हणाल्या, "आधी बाहेर भेटू. सगळ्यांना सोयीचं. नीट पार पडलं की पुढचं बोलू." घरात घ्यायचं की नाही हे ज्यांच्याबद्दल ठरलेलं नसतं, त्यांना लोक बाहेर भेटतात. परीक्षा घ्यायची तर सरळ परीक्षा म्हणावं. आपण तिला जेवण म्हणतो.

तो आठवडाभर भाऊसाहेब राणीच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये वरण-भात काट्याचमच्याने खात राहिले.

शनिवारी त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. नोईने खिडकीजवळचं टेबल दिलं. गिऱ्हाईकं होती म्हणून प्रत्येक पदार्थात वाढायचा मोठा चमचा ठेवला, टॉम यमच्या वाडग्यात पळी.

"भाऊसाहेब, बसा, बसा," सुबोधनी हात मिळवला. "तुमच्याबद्दल खूप ऐकलंय. एसटीत होतात ना? अहो, एसटी म्हणजे महाराष्ट्राचा कणा."

"टायर खोलत होतो," भाऊसाहेब म्हणाले.

"तेच तर. टायरवरच चालते ना." सुबोध स्वतःच हसले. मग पाण्याचा घोट घेऊन म्हणाले, "एक आधीच सांगून टाकतो. आम्ही जातबीत काही मानत नाही. इतकी वर्षं बाहेर काढल्यावर ते सगळं गळून पडतं. माझ्या टीममध्येही तुमच्यातले दोघे आहेत. हुशार पोरं."

कोणी विचारलं नव्हतं. न विचारता जो हे सांगतो, त्याने घरून निघताना त्याचाच विचार केलेला असतो.

"चांगलं हाय," भाऊसाहेब म्हणाले.

"प्रवासात त्रास नाही ना झाला?" उल्कांनी विचारलं. त्यांचा आवाज मऊ होता. त्यांनी पळीने स्वतःच्या वाटीत टॉम यम घेतलं. "हे मात्र इथलं अप्रतिम आहे हं. मला रोज दिलं तरी चालेल. वरुण लहानपणी माझ्याच वाटीतलं प्यायचा, वेगळं दिलं तर भोकाड पसरायचा."

"मम्मी, डोन्ट स्टार्ट लाह," वरुण इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावत म्हणाला. राणी हसली. टेबलाखाली तिचा गुडघा वरुणच्या गुडघ्याला टेकला होता.

सगळं नीट चाललं होतं. भाऊसाहेबांचा काटा डाव्या हातात होता, तोंडात गेला नव्हता. गवती चहाच्या काड्या त्यांनी ताटलीच्या कडेला ओळीत लावल्या होत्या. ताटलीचा डोंगर नव्हता. उल्कांनी पाहिलं आणि कौतुकाने म्हणाल्या, "तुम्हाला छान जमतंय की."

या एका वाक्याने भाऊसाहेब मोकळे झाले. आठवडाभर आवळून धरलेलं त्यांचं अंग सैल झालं. चुकायला माणूस सैल व्हावा लागतो.

"इथं एकदम घ्यायचं नसते," ते उल्कांना सांगू लागले. "एकेक चमचा घ्यायचा. मधातलं सगळ्याइचं असते. मले पोरीनं शिकवलं." आणि मागच्या टेबलावर शिकले होते तसं, पुढे वाकून, तोंडातून काढलेला आपला चमचा त्यांनी मधल्या वाडग्यात बुडवला. एक अळंबी उचलली. खाल्ली. पुन्हा बुडवला.

उल्कांचा हात पळीकडे निघाला होता. तो वाटेतच वळला आणि त्यांनी टिशू उचलला. ओठ पुसले.

राणीला वाटलं, पळी होती, पप्पांना दिसली नाही, एवढंच. कोणालाही नको वाटेल. तिने स्वतःला समजावलं. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मुलीला हे पटवून घेणं सोपं होतं.

"पप्पा, पळीनं घ्या," ती हळूच म्हणाली.

"आं? हो, हो." त्यांनी पळी पाहिली. चमचा ताटलीत ठेवला आणि मग बराच वेळ उचलला नाही.

सुबोध बोलत राहिले. मुंबईतली घरं, इथली भाडी, नोकरीचा पास मिळायला आता किती कटकट. बोलता बोलता त्यांनी आपला भात मासा आणि सोम तमवरच संपवला. उल्कांनी नोईच्या मदतनीस मुलीला खुणेने बोलावलं आणि इंग्रजीत हलक्या आवाजात काहीतरी सांगितलं. थोड्या वेळाने टॉम यमचा दुसरा वाडगा आला, छोटा. तो उल्कांच्या पुढ्यात ठेवला गेला.

"मला जरा ॲसिडिटी आहे," त्या म्हणाल्या. "कमी तिखट सांगितलं."

नव्या वाडग्यात पहिल्यापेक्षा जास्त मिरच्या तरंगत होत्या. सगळ्यांना दिसत होत्या. न बोलण्यात आपण तरबेज आहोत, तेवढी एक विद्या आपण कुठेही गेलो तरी बरोबर नेतो.

"वरुण, तू नाही घेत?" राणीने विचारलं. तिने मधला मोठा वाडगा त्याच्याकडे सरकवला. पळी त्याच्या बाजूला केली.

"आय'म फुल, लाह."

त्याने अर्धा भातसुद्धा खाल्ला नव्हता. तीन वर्षं तो राणीच्या ताटलीतलं खात आला होता, हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवर तिच्या नूडल्समधून कोळंबी पळवायचा, तिचा उष्टा चहा प्यायचा. राणी त्याच्याकडे बघत राहिली. त्याने बघितलं नाही.

उल्कांनी आपल्या वाडग्यातून स्वतःच्या चमच्याने दोन घोट घेतले. मग तो वाडगा लेकापुढे सरकवला. "थोडं घे रे. गरम आहे."

वरुणने चमचा उचलला आणि आईच्या वाडग्यात बुडवला.

त्या वाडग्यात पळी नव्हती.

राणीने आपला गुडघा बाजूला घेतला. एवढंच. ती रडली नाही, उठली नाही. तिने मोठा वाडगा ओढून आपल्यापुढे घेतला, पळी काढून टेबलावर ठेवली, आणि स्वतःच्या चमच्याने रस्सा प्यायला लागली. एकामागून एक. तिखटाने तिचे डोळे भरून आले, आणि ते तिखटानेच आले असं सगळ्यांना मानता आलं.

"राणीला फारच आवडतं वाटतं," सुबोध म्हणाले.

निघताना उल्का म्हणाल्या, "छान झालं भेटणं. आता बघू, सगळ्यांच्या सवडीने ठरवू." वरुण म्हणाला, "आय'ल टेक्स्ट यू." गाडी गेली.

नोई टेबल आवरायला आली. राणीने इतकं पिऊनही मोठा वाडगा निम्मा उरला होता. "अंकल, नॉट नाइस, आह?"

"गुड," भाऊसाहेब म्हणाले. "व्हेरी गुड." नोईने उरलेलं प्लॅस्टिकच्या पिशवीत ओतलं, तोंडाला रबर लावलं आणि त्यांच्या हातात दिलं.

ब्लॉकांमधल्या झाकलेल्या वाटेने दोघं घरी चालले. पिशवी भाऊसाहेबांच्या बोटाला लटकत होती.

"पळी आधीपासून होती काय वं तिथं?"

"होती."

"मले दिसली नाही." थोडं चालून ते म्हणाले, "माह्याच्यानं झालं."

"पळीमुळे नाही झालं, पप्पा."

"मी फोन करून त्याइले सांगू काय? का मले म्हाईत नव्हतं म्हणून?"

"नको."

"एक वेळा सांगून पाहतो ना."

"नको म्हटलं ना."

घरी पोचल्यावर राणी तिच्या खोलीत गेली. दार तिने लावलं नाही, नुसतं लोटलं. फोन एकदा वाजला आणि थांबला. भाऊसाहेबांनी रस्सा पातेल्यात ओतून गॅसवर ठेवला. उकळी आल्यावर चमच्याने गवती चहाच्या काड्या वेचून काढल्या, मिरच्या काढल्या, म्हणजे पोरीला नुसतं पिता येईल. तो चमचा साबणाने धुऊन ठेवला.

मग त्यांनी कपाटातून एक वाटी घेतली. ड्रॉवरमधून पळी काढली, ती नळाखाली धरून दोनदा धुतली आणि पातेल्यातला रस्सा वरच्यावर आपल्या वाटीत घेतला, पळी वाटीला टेकू न देता. उरलेलं पोरीच्या वाट्याचं म्हणून पातेल्यावर झाकण ठेवलं. आपली वाटी घेऊन ते ओट्याशीच उभे राहिले आणि उभ्यानेच पिऊ लागले.