चिवड्याची ऊब

"बाबा, अख्ख्या विदर्भाले लाईट देता, मंग आपल्या घरच्या पालीलेच काहून देत नाही?"

रीना आणि मेघाने पैज लावली म्हणून भूमिकाने हे विचारलं, तेही बाबाच्या प्लांटमधले चार सोबती पोहे खात बसलेले असताना. पाहुण्यांपुढे पाण्याचा ग्लास ठेवून पळणारी ही पोरगी, पण वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून तिच्या जिभेला धार आली होती. दारामागे दोघी मैत्रिणी तोंडात ओढणी कोंबून हसत होत्या.

बाबा, म्हणजे प्रेमानंद, मौद्याच्या वीज केंद्रात फोरमन. पण घरात रिकाम्या खोलीत दिवा दिसला की त्याला राहवायचं नाही. चिवड्याच्या काचेच्या पेटीतला दिवा आणि खालची विजेवर तापणारी चटई तो येताजाता बंद करी. चिवडा म्हणजे पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेला, जाड शेपटीचा गेको, पाळीव पालीची एक जात. मामाला पुण्याला नोकरी लागली तेव्हा तो चिवड्याला भाचीच्या हवाली करून गेला होता. "त्याच्या अंगात स्वतःची ऊब नसते बाबा, पोटाखाली गरम नसलं तर खाल्लेलं पचत नाही," हे भूमिकाने शंभरदा सांगून झालं होतं.

"पोरगी बराबर बोलून राहिली गा, प्रेमानंद!" एक सोबती खिदळला. प्रेमानंदही हसला. दुसऱ्या दिवशी त्याने प्लांटमधून, दुरुस्तीच्या वेळी स्विचला लावतात तसली, एक लाल पाटी आणली. मागच्या कोऱ्या बाजूवर रंगाने लिहिलं होतं: बंद करू नये.

"आमच्या इथं ज्यानं पाटी लावली, त्यानंच काढायची. मोठा साहेब आला तरी हात लावत नाही. लाव तुझ्या हातानं."

भूमिकाने ती पेटीच्या स्विचला लटकवली आणि शाळेत आठवडाभर तीच गोष्ट मिरवली. जिंकली होती ना ती!

जानेवारीत कळमेश्वरला मावसबहिणीचं लग्न निघालं. दोन रात्री मुक्काम, आणि थंडी अशी की बोटं वळत नव्हती. निघण्याआधी भूमिकाने चिवड्याला मोजून बारा अळ्या चारल्या. उपाशी नको राहायला बिचारा. पेटीतल्या तापमापकाचा काटा बत्तीसवर होता. कुलूप लावायला बाबा मागे थांबला.

तिसऱ्या दिवशी परत आल्यावर तिने बैठकीतलं बटण दाबलं. दिवा लागला नाही. बाबाने दारामागच्या मेन स्विचला हात घातला, खटका वर केला, आणि घर उजळलं. भूमिका पेटीकडे धावली.

चिवडा पेटीच्या कोपऱ्यात फरशीसारखा गार पडला होता. समोर ओकून टाकलेल्या, तशाच्या तशा अळ्या. बरगडी तेवढी हलत होती.

"मेन पाडला तुम्ही!"

"तुझ्या स्विचले हात नाही लावला मी. पाह्य, पाटी जागच्या जागी आहे."

"विसरले का?" तिने विचारलं. त्याने नुसतं हो म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. एका 'हो'वर ती सगळं सोडून देणार होती.

"विसरलो नाही," बाबा म्हणाला. "शॉर्टसर्किटनं जळलेला माणूस या हातानं उचलला आहे मी. घर सोडायचं तर मेन पाडूनच. एका पालीसाठी घर पणाले लावू?"

"मंग सांगायचं होतं! चारलं नसतं मी त्याले. मेघाकडे ठेवलं असतं."

"सांगितलं असतं तर तू लग्नाले आली असती का वं?" हे आई बोलली. बॅगेतल्या साड्या काढत, मान वर न करता.

म्हणजे दोघांनाही माहीत होतं. वाटेत बसमध्ये आईने तिच्या केसांत गजरा माळला, तेव्हाही.

जनावरांच्या डॉक्टरांकडे तीन खेपा झाल्या. चिवडा वाचला, पण जाड शेपटी वाळून काडी झाली. घरात कोणी त्या गोष्टीचं नाव काढलं नाही. बाबा नवा, मोठा दिवा घेऊन आला आणि पेटीवर ठेवून गेला. भूमिकाने तो खोक्यातून काढलाच नाही.

रविवारी सगळे जेवायला बसले तेव्हा भूमिकाने स्विचवरची पाटी काढली आणि बाबाच्या ताटाशेजारी ठेवली.

"ज्यानं लावली त्यानंच काढायची ना? काढली. चिवड्याले मी मेघाकडे देऊन राहिली, आजच. कायमचा." आई काही बोलणार, तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "विचारून नाही राहिली मी. सांगून राहिली."