अर्जातले आजोबा

भिंगरीने आजोबांना मारलं ते एका बुधवारी, दुपारच्या जेवणानंतर, ॲडमिशनवाल्या सरांच्या थंडगार केबिनमध्ये बसून. हात थरथरला नाही की डोळ्यांत पाणी आलं नाही. उलट सरांनी कागद वाचून मान डोलावली आणि म्हणाले, "आता कसा निबंध झाला!"

त्या वेळी आजोबा घरी खुर्चीत बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवत होते आणि उभा नऊ अडला म्हणून सुनेला हाका मारत होते. तब्येत ठणठणीत. रक्तदाबाची एक गोळी सोडली तर डॉक्टरचं तोंड बघायची वेळ त्यांच्यावर येत नसे, आणि ती गोळीही ते उपकार केल्यासारखी घेत.

भिंगरी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी एका जागी बसली असं कुणी पाहिलं नव्हतं, आणि आता एकोणिसाव्या वर्षी तर विचारूच नका. तिला डॉक्टर व्हायचं होतं. इथल्या कॉलेजातली जागा थोडक्यात हुकली होती, त्यानंतर एक वर्ष घरी बसून झालं होतं, आणि आता सगळा जीव परदेशातल्या एका कॉलेजावर टांगलेला होता. त्यांची प्रवेशपरीक्षा झाली, भाषेची परीक्षा झाली, दोन्हींत मार्क उत्तम पडले. राहिलं होतं दोनच गोष्टींचं दडपण: 'मला डॉक्टर का व्हायचंय' हा निबंध आणि मग कॅमेऱ्यासमोरची मुलाखत.

पहिला निबंध तिने स्वतःच्या मनाने लिहिला होता. बुटांवर. घरचं बुटांचं दुकान होतं, पण शोकेसमध्ये चकचकीत जोड मांडतात तसलं नाही. ज्यांच्या पायात तयार बूट बसत नाहीत त्यांचे बूट तिथे बनत. एक पाय आखूड, घोटा वाकडा, बोटं नाहीत, अशी सगळी माणसं तिथे येत. दुकान आजोबांनी काढलं, आता बाबा चालवत होते. भिंगरी काउंटरखाली खेळत मोठी झाली. माणूस दारातून खुर्चीपर्यंत कसा चालत येतो हे बघून त्याचं कुठे दुखतंय ते ओळखायचा खेळ आजोबा आणि ती खेळत. हरली की चिडायची, जिंकली की आजोबा चिडायचे. हेच तिने लिहिलं होतं.

सरांनी तो निबंध वाचता वाचता दोनदा मोबाईल पाहिला.

"बुटांवरून कुणी डॉक्टर होतं का? त्यांच्याकडे हजारो निबंध येतात. काळजाला हात घालायला हवा. घरात कुणी गेलंय का?"

"कुठे?"

"वारलंय का, असं विचारतोय."

"नाही."

"आजी-आजोबा?"

"आजी मी लहान असताना गेली, आठवत नाही फारशी. आजोबा आहेत."

"वय काय?"

"एक्याऐंशी."

"मग झालंच की," सर म्हणाले आणि त्यांनी कागद पुढे ओढला.

आता तुम्ही म्हणाल, पोरीने उठून यायला हवं होतं. खरंय. पण वर्षभर घरी बसलेल्या मुलीला, शेजारणींच्या 'काय मग, पुढे काय?'ला उत्तरं देऊन देऊन थकलेल्या मुलीला, समोरचा माणूस जेव्हा ठामपणे सांगतो की दार असं उघडतं, तेव्हा ती दार बघते, किल्ली कसली आहे ते बघत नाही. संध्याकाळी तिने निबंध बाबांना दाखवला. बाबांनी तो सावकाश वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"सगळे असंच लिहितात?"

"सर म्हणतात, सगळे लिहितात."

"आजोबांना कळू देऊ नकोस," एवढंच बाबा म्हणाले आणि दुकानात निघून गेले. अर्ज गेला.

मुलाखतीचं बोलावणं आलं आणि घराचा चेहराच बदलला. आईने मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, परत लावलं, परत काढलं. बाबांनी टेबलावर ठेवायचा एक दिवा आणला, तो असा भगभगीत की त्याच्या उजेडात भिंगरी आजारी दिसायला लागली, म्हणून त्यावर आईची ओढणी टाकली, तर ओढणीला जळका वास यायला लागला. इंटरनेटवाल्याला दिवसाआड फोन जात होता. भिंगरी खोलीत येरझाऱ्या घालत होती, नखं संपली तेव्हा नखांच्या कडेची कातडी कुरतडत होती. आणि सरांचा हुकूम होता की आजोबा रस्त्यात गेल्याचा प्रसंग हमखास विचारतील, तेव्हा तो रोज मोठ्याने म्हणायचा. 'रस्त्यात' या शब्दानंतर थोडं थांबायचं. घसा दाटून आल्यासारखं, पण रडायचं नाही.

ती दार लावून म्हणत असे. खिडकी मात्र उघडी असे, आणि खिडकीला लागून गॅलरी होती. एका सकाळी आजोबा गॅलरीत टॉवेल वाळत घालायला गेले. इंग्रजी त्यांना बोलता यायचं नाही, पण जन्मभर दुकानात तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं आली, कळत सगळं होतं. 'माय ग्रँडफादर' ऐकून त्यांचे कान टवकारले. कौतुकच वाटलं असणार. पुढचं वाक्य ऐकलं आणि टॉवेल हातातच राहिला.

ते खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"कोणते आजोबा?"

भिंगरीच्या तोंडचं पाणी पळालं.

"आईकडचे तर तू व्हायच्या आधीच गेले," आजोबा म्हणाले. "त्यांना तू पाहिलंही नाहीस. त्यांचा हात हातात घेऊन तू शेवटपर्यंत कशी बसलीस?"

आजोबांनी टॉवेल दाराच्या कडीला अडकवला, चपला घातल्या आणि निघून गेले. दुपारच्या जेवणाला आले नाहीत. मग आईला सगळं कळलं, आणि आईचा पारा असा चढला की बाबा दुकानातून येऊन मान खाली घालून बसले. "जिवंत माणसाला मारलंत? घरात बसलेल्या? माझ्या हातचं जेवणाऱ्या? आणि तुम्ही वाचून पाठवलंत?" बाबा म्हणाले, "अगं, कागदावर..." आई म्हणाली, "कागदावरही नाही!" आणि भिंगरी मात्र या खिडकीतून त्या खिडकीत फिरत रस्ता बघत होती.

दिवेलागणीला आजोबा आले. कोपऱ्यावरच्या बागेत बसले होते म्हणे. खुर्चीत बसले, पाणी मागितलं, प्यायले.

"ते परत घेता येतं का?"

"नाही," भिंगरी म्हणाली. "खोटं लिहिलं म्हटलं की अर्ज बाद. परत कधी करताही येत नाही."

"म्हणजे तुझं हे वर्षही गेलं."

"हो."

आजोबांनी बराच वेळ पायांकडे पाहिलं. मग म्हणाले, "ठीक आहे. मरतो. कशाने गेलो?"

"आजोबा, नको ना."

"अगं, मला माहीत नको? कशाने?"

"हृदयविकाराने. रस्त्यात. ॲम्ब्युलन्स उशिरा आली."

"रस्त्यात! मी भर उन्हात रस्त्यात कशाला गेलो होतो? घरी मर म्हणावं, निदान उशी तरी मिळेल. आणि शेवटचं काही बोललो का?"

"'डॉक्टर हो' म्हणालात."

"मी?" आजोबा खरोखर दुखावले. "छातीत कळ आल्यावर मी तुला करिअर सांगत बसेन? मी शिव्या घातल्या असत्या!"

सगळे हसले. आईसुद्धा हसली आणि मग पदर डोळ्यांना लावून आत गेली. त्या दिवसापासून आजोबांनी आपलं मरण मनावर घेतलं. भिंगरी म्हणू लागली की ते समोर बसून ऐकत. "घाई करतेस. मला जरा सावकाश मरू दे." "आवाज पाडू नकोस, मागच्यांना ऐकू जायला पाहिजे." ते चेष्टा करत आणि घर हसे, पण भिंगरीला त्यात हसता येत नसे. एकाएकी तिला वाटू लागलं होतं की आपण हे रोज मोठ्याने म्हणतोय, कुणी ऐकलं तर? कुणी म्हणजे कुणी नाही, तिचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. ती जीवशास्त्रात पहिली आली होती. तरी आजोबा दुपारी आडवे झाले की ती पुस्तक टाकून त्यांच्या दाराशी जाई आणि छाती वरखाली होतेय का ते बघत उभी राही. परत येई, एक पान वाची, पुन्हा जाई.

"आहे अजून," आजोबा एकदा डोळे न उघडता म्हणाले. "जा, अभ्यास कर."

मुलाखतीच्या संध्याकाळी आजोबांना खोकल्याची उबळ येऊ शकते म्हणून ते स्वतःच खाली दुकानात जाऊन बसले. मेलेल्या माणसाने शेजारच्या खोलीत खोकणं बरं नाही, असं म्हणत जिना उतरले. बाबाही त्यांच्याबरोबर गेले. आई स्वयंपाकघरात दार लावून बसली. भिंगरी ओढणी टाकलेल्या दिव्यासमोर, इस्त्रीच्या शर्टात, टेबलाखाली पाय हलवत बसली.

पडद्यावर तिघं आले. मधे एक सडपातळ बाई, त्याच मुख्य दिसत होत्या, एका बाजूला दाढीवाला तरुण डॉक्टर आणि दुसऱ्या बाजूला पांढऱ्या केसांचे वृद्ध गृहस्थ. प्रश्न तिला येत होते. रक्ताभिसरण विचारलं, सांगितलं. रुग्ण औषध घ्यायला नकार देतो, तर काय कराल? तेही सांगितलं. भीड चेपत चालली. मग बाई म्हणाल्या, तुमच्या आजोबांबद्दल वाचलं, थोडं सांगाल?

तिने सांगितलं. 'रस्त्यात'नंतर थांबली. घसा दाटला, आणि तो दाटवावा लागला नाही. बाईंनी चष्मा काढून हातात घेतला आणि म्हणाल्या, फार वाईट झालं, लहान वयात तुम्हाला हे बघावं लागलं. त्या मनापासून म्हणाल्या, आणि तेच भिंगरीला सोसेना. तिने मान खाली घातली.

जागा मिळाली, हे तिला तेव्हा कळलं. अशा गोष्टी कळतात. तरुण डॉक्टरने काहीतरी टिपून घेतलं, बाईंनी हसून मान हलवली, आणि वातावरण सैल करावं म्हणून वृद्ध गृहस्थांनी शेवटचा, अगदी साधा प्रश्न विचारला. आम्ही तुम्हाला घेतलं, तर ही बातमी सगळ्यांत आधी कुणाला सांगाल?

"आजोबांना," भिंगरी म्हणाली.

शब्द तोंडातून गेला होता. त्याची तयारी कुणी करून घेतली नव्हती. पडद्यावरचे तिघंही हलले नाहीत. तिला क्षणभर वाटलं, नेट अडकलं असेल, देवा, अडकलेलं असू दे. पण बाईंनी चष्मा पुन्हा घातला.

"आईचे वडील का?" त्यांनी मऊ आवाजात विचारलं.

बघा, दार उघडून दिलं होतं. त्यांनी स्वतःच. नुसती 'हो' म्हणायची खोटी, आणि सगळं सुरळीत झालं असतं. आईचे वडील, जे तिने कधी पाहिले नाहीत, ते दोन मिनिटांसाठी जिवंत झाले असते आणि खाली दुकानात खोकणारे कायमचे गेले असते. भिंगरीने 'हो' म्हणायला तोंड उघडलं. टेबलाखालचा पाय थांबत नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "तेच आजोबा. ते आहेत. आमच्या दुकानात बसलेत आत्ता. मी लिहिलं ते खोटं आहे."

बाई म्हणाल्या, खरं सांगितल्याबद्दल आभार, पण हे आम्हाला नोंदवावं लागेल, तुम्हाला कल्पना असेल. तिला कल्पना होती. वृद्ध गृहस्थांनी हात वर करून निरोप घेतला. पडदा काळा झाला आणि त्यात तिचा आजारी दिसणारा चेहरा तेवढा राहिला.

आईने दार उघडायच्या आत ती जिना उतरली. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं. आत बाबा एका जाड टाचेचा बूट मांडीवर घेऊन नुसते बसले होते, आणि आजोबा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत. ती वाकून शटरखालून आत आली. बाबांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि बूट खाली ठेवला.

"झालं?" आजोबा म्हणाले. "नीट मेलो का मी?"

"नाही, आजोबा," ती म्हणाली. "जिवंत आहात म्हणून सांगून आले."

"आणि प्रवेश?" बाबांनी विचारलं.

"गेला."

आजोबा खुर्चीतून उठले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"अक्कल आहे का तुला? मी मरतो म्हटलं होतं ना? माझी काही तक्रार होती का? एवढे दिवस समोर बसून ऐकलं ते कशासाठी? तुझं वर्ष गेलं, अगं, अख्खं वर्ष! मी एक्याऐंशीचा म्हातारा, मला काय फरक पडत होता?" ते बोलतच राहिले, थांबेचनात. बाबा म्हणाले, "अहो, हळू, बाहेर ऐकू जातंय," तरी थांबेनात. पण तिचं मनगट त्यांनी दोन्ही हातांनी धरलं होतं, आणि ओरडून ओरडून आवाज बसला तरी ते काही त्यांनी सोडलं नाही.